416004 या संख्येत गणिताच्या दृष्टीनं काही विशेष आहे का?

तुम्ही विचारलंय की 416004 मध्ये गणिताचं काही आहे, की हा आपला कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा नुसताच पिनकोड. विद्यापीठात शिकताना दर फॉर्मवर हा आकडा लिहिला, पण फोडून कधी बघितला नव्हता. परवा रंकाळ्यावर बसून कागदावर फोडला.

शेवटी 04, म्हणून 4 नं भाग जातो. अंकांची बेरीज 15, म्हणून 3 नंही जातो. 12 नं भागल्यावर उरतात 34667, आणि खरा घाम इथं निघतो. याचं वर्गमूळ 186 च्या जरासं वर, म्हणजे 181 पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की झालं. 2 आणि 3 तर चालतच नाहीत; 5 पासून पुढं अशा 40 आहेत. 107 नं भागलं तर बाकी 106! एक जास्त असता तर भाग गेला असता. पण 40 पैकी एकीचाही जात नाही, म्हणजे 34667 मूळच.

तर 416004 = 2 × 2 × 3 × 34667. एकूण विभाजक 12. संख्या स्वतः सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज 5,54,700, म्हणजे संख्येपेक्षा जास्त. अशा संख्यांना विपुल म्हणतात. यात फार कौतुक नाही, 6 च्या पुढची 6 ची प्रत्येक पट विपुलच असते.

आता कापरेकरांकडं येऊ. द. रा. कापरेकर, 1905 मध्ये डहाणूला जन्मलेले, देवळालीला शाळामास्तर. अंकांच्या बेरजेनं जिला पूर्ण भाग जातो ती त्यांची हर्षद संख्या. आपल्या आकड्याला 15 नं भाग जात नाही. हट्टानं 416001 ते 416013 सगळ्या तपासल्या, एकही हर्षद निघाली नाही! स्वयंभूही नाही (कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी येत नाही ती स्वयंभू), कारण तिला जनक आहे: 415974 मध्ये त्याच्याच अंकांची बेरीज 30 मिळवा, 416004 येतं.

खरं सांगायचं तर अंकांचे हे खेळ आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून आहेत. बाराच्या पटीत मोजलं असतं तर बेरजा बदलल्या असत्या, 34667 मात्र मूळच राहिली असती. म्हणून मला अवयवांची बाजू जास्त पटते.

तरी एक खेळ करून बघाच. अंक उतरत्या क्रमानं लिहा, त्यातून चढता क्रम वजा करा: 644100 − 001446 = 642654. उत्तरावर पुन्हा तेच. चार अंकांत हे केलं की, सगळे अंक सारखे नसले तर, कापरेकरांचा 6174 येऊन थांबतो. इथं थांबत नाही: 420876, 851742, 750843, 840852, 860832, 862632, आणि परत 642654. कॅल्क्युलेटर न घेता करा. हातच्याच्या माझ्या तीन चुका झाल्या.