गच्चीवरून ग्रह टिपण्यासाठी कोणती दुर्बीण?

प्रश्न : गुरू, शनी आणि चंद्र यांच्या छायाचित्रणासाठी मला दुर्बीण घ्यायची आहे. मोटर बसवलेला माउंट (दुर्बिणीचा आधार) आणि २.९ मायक्रॉन पिक्सेलचा रंगीत कॅमेरा माझ्याकडे आहे. १२७ मिमी मॅक्सुटोव्ह (भिंग आणि आरसे असलेली, बंद नळीची) आणि १५० मिमी एफ/५ न्यूटोनियन (आरशांची, उघड्या नळीची; एफ/५ म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट) यांपैकी कोणती निवडावी? निरीक्षण घराच्या गच्चीवरूनच करणार आहे.
– एक वाचक, सातारा

उत्तर : आरशांची जुळणी, म्हणजे कॉलिमेशन, स्वतः शिकण्याची आपली तयारी असेल, तर न्यूटोनियनच घ्यावी. ग्रहाच्या चित्रातील बारकावा आधी दुर्बिणीच्या व्यासावर ठरतो. १२७ मिमीच्या दुर्बिणीची विभेदनक्षमता, म्हणजे वेगळा दिसू शकणारा सर्वांत लहान कोन, सुमारे ०.९१ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), तर १५० मिमीची ०.७७ विकला असते; हा आकडा जितका लहान तितका बारकावा अधिक. शिवाय प्रकाश जवळपास ४० टक्के अधिक मिळत असल्याने व्हिडिओतील प्रत्येक फ्रेमचा अवधी कमी ठेवता येतो आणि हवा क्षणभर स्थिरावते तेव्हाच्या स्पष्ट फ्रेम अधिक हाती लागतात.

मॅक्सुटोव्ह आटोपशीर असते आणि तिची जुळणी सहसा बिघडत नाही, हे खरे. मात्र तिच्या तोंडाशी असलेले जाड भिंग आणि बंद नळी यांमुळे ती बाहेरच्या तापमानाला यायला तासभर किंवा त्याहूनही अधिक वेळ घेते, आणि तोपर्यंत नळीतल्या उबदार हवेने गुरूचे पट्टे पुसट दिसत राहतात. उघड्या नळीची न्यूटोनियन तुलनेने लवकर निवते.

आपल्या कॅमेऱ्यासाठी पिक्सेलच्या मायक्रॉनमधील आकाराच्या सुमारे पाचपट, म्हणजे एफ/१४ ते एफ/१५ इतके नाभीय गुणोत्तर हवे. एफ/५ला ३एक्स बार्लो (नाभीय अंतर तिप्पट करणारे भिंग) लावल्यास ते साधते. चंद्रासाठी बार्लो काढावा. तरीही ७५० मिमी नाभीय अंतरावर चंद्रबिंब सुमारे ७ मिमीचे पडते आणि ग्रहांसाठीच्या कॅमेऱ्याच्या छोट्या सेन्सरवर ते बहुधा मावत नाही, त्यामुळे तुकड्यांनी टिपून जोडावे लागते.

एफ/५ आरसा जुळणीतली चूक खपवून घेत नाही. म्हणून दर वेळी दुर्बीण निवल्यावर एखादा तेजस्वी तारा चौकटीच्या मध्यभागी आणून किंचित फोकसबाहेर न्यावा आणि त्याभोवतीची वलये एककेंद्री दिसेपर्यंत मुख्य आरशाचे स्क्रू अगदी थोडे थोडे फिरवावेत. गुरू स्वतःभोवती दहा तासांपेक्षाही कमी वेळात फिरतो, तेव्हा त्याचा व्हिडिओ दोन मिनिटांच्या आसपास ठेवावा आणि त्यातल्या निवडक फ्रेम ऑटोस्टॅकर्टसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र कराव्यात.

गच्चीचा स्लॅब दिवसभर तापून रात्री उष्णता सोडत राहतो. शक्य असेल तेव्हा दुर्बीण अंगणातल्या मातीवर किंवा गवतावर मांडावी. गच्चीवरूनच करायचे असेल, तर मध्यरात्रीनंतरची वेळ धरावी.