पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली, आता त्रास होतोय

प्रश्न: डॉक्टर, घरी गौरी होत्या म्हणून जावेच्या जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून नॉरइथिस्टेरॉन आणली, ५ मिलिग्रॅमची दिवसातून ३ वेळा, दहा दिवस. पोट फुगलंय, स्तन जड झालेत, चिडचिड तर विचारूच नका आणि गोळ्या थांबवून दोन दिवस झाले तरी पाळी नाही. काही बिघडलं का?

उत्तर: ताई, घाबरू नका. हे हार्मोन चालू असेपर्यंत गर्भाशयाचं अस्तर टिकून राहतं, बंद केलं की साधारण २-३ दिवसांत पाळी येते, कधी जरा उशिरा. आठवडा उलटला तर प्रेग्नन्सी टेस्ट करा, कारण अशी घेतलेली ही गोळी गर्भनिरोधक नसते आणि हे बऱ्याच जणींना कुणी सांगतच नाही. फुगणं, मळमळ, चिडचिड हळूहळू जाईल. पण एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, अचानक धाप लागली, छातीत कळ आली किंवा नजर अंधुक झाली तर लगेच हॉस्पिटल गाठा, रक्ताची गुठळी असू शकते. असं क्वचितच होतं, पण आधी गुठळी झालेली असेल किंवा लिव्हरचा आजार असेल तर ही गोळी नकोच, आणि जावेच्या चिठ्ठीत तुमचं हे काहीच लिहिलेलं नसतं ना!