वाडीतला माणूस कंपनीत रमत नाही तेव्हा

"ताई, नोकरी लागली, पगार वेळेवर होतोय, पण जीव काय रमत नाय." चिपळूणला समुपदेशक म्हणून बसून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने सुरुवात केली की पुढचं मला साधारण माहीत असतं. कधी आंबेवाला असतो, कधी भातशेतीवाला, कधी नुसती बायको येते आणि सांगते की ह्यांचं काहीतरी बिनसलंय, घरी आले तरी बोलत नाहीत. नातेवाईक म्हणतात, सुख टोचतंय. तसं नसतं ते. म्हणून त्यातल्या एकाचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

दापोली तालुका, समुद्राकाठचं गाव, वय चाळिशीच्या पुढे, घरची नारळ-पोफळीची वाडी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात या सगळ्या पट्ट्यातल्या वाड्या आडव्या झाल्या, तशी यांचीही झाली. भरपाई मिळते ती पडलेल्या झाडाची, पण नवीन माड लावला की धरायला पाच-सात वर्षं जातात, पोफळीचंही तसंच, तोवर घर कशावर चालवायचं? थोडी वर्षं कशीबशी रेटली आणि मग लोट्याच्या एमआयडीसीत पॅकिंगला लागले. भरणे नाक्याला खोली, सुट्टीला घरी.

माझ्याकडे आले ते छातीत धडधड होते म्हणून. ईसीजी नॉर्मल, डॉक्टर म्हणाले टेन्शन आहे. झोप पहाटे तीनलाच उडायची. पाऊस लागला की लंच टाइममध्ये चार-चार फोन घरी, पाट फुटला का, पाणी कुठवर आलं, आणि बायको वैतागून फोन उचलायची बंद झालेली.

"कामाचा त्रास आहे का?"

"काम कसलं ताई, वाडीत याच्या दुप्पट करत होतो."

"मग साहेबाचा?"

"तो पोरगा आहे हो, माज्या पुतण्याएवढा. वाईट नाय. पण सुटताना गेटवर वॉचमन पिशवी तपासतो ना, तेव्हा मेल्यासारखं होतं. आमच्या घराण्यात कोणी चाकरी केली नाय. बाबा म्हणायचे, उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी. आणि मी बघा."

म्हणजे दुखणं पॅकिंगचं नव्हतंच. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने काम करणारी बाई आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की घटना जेवढी छळते त्यापेक्षा त्या घटनेबद्दल आपण मनात धरून बसलेला हट्ट जास्त छळतो. वाडी पडली हे खरं दुःख, त्यावर रडायलाच हवं. पण "आमच्यातल्या माणसाने चाकरी करताच कामा नये" हा वेगळा हट्ट होता, आणि पिशवी रोज तोच उघडून बघत होता, वॉचमन नव्हे. असला हट्ट समजावून जात नाही, त्याला पुरावा मागावा लागतो. म्हणून मी विचारलं, "वाडीतली विहीर कोणी बांधली?"

"आजोबांनी."

"पैसे कुठून आले?"

गप्प. मग म्हणाले, "शेतीतलेच असणार."

"असणार नको. घरी विचारून या."

हा प्रश्न मला सुचला याचं मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. मी याच मातीतली, आणि त्या काळात या किनाऱ्यावर मुंबईची मनीऑर्डर न येणारं घर शोधावंच लागेल हे मला पक्कं ठाऊक. गिरण्या, गोदी, कुठेतरी कोणीतरी चाकरमानी असायचाच, गणपती-शिमग्याला यायचा आणि त्याच्या पैशावर इथले बांध-विहिरी उभ्या राहायच्या. १९८२ च्या गिरणी संपानंतर हे आटलं तेव्हाच कित्येक घरांना कळलं की आपण नुसत्या भातावर जगत नव्हतो.

पुढच्या वेळी आले ते रागावूनच. आत्याला विचारलं होतं. आजोबा ऐन उमेदीत मुंबईत लालबागला गिरणीत होते, साच्यावर म्हणजे मागावर, दर महिन्याला मनीऑर्डर, विहीर त्याच पैशातली आणि माडांची पहिली ओळही.

"म्हणजे बाबा खोटं बोलले आमच्याशी?"

मी म्हटलं, "बाबा तेव्हा कुठे होते?"

"गावाला. वाडी बघायला."

"दुसऱ्याच्या पगारावर वाडी बघणाऱ्या माणसाला शेती उत्तम म्हणणं गरजेचं वाटलं असेल."

बराच वेळ खाली बघून बसले. माझं तत्त्व आहे, अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवावं, पाण्याचा ग्लाससुद्धा पुढे करू नये, कारण माणूस तेव्हा स्वतःशी बोलत असतो आणि आपण मध्ये पडलो की तो आपल्याशी बोलायला लागतो. मग ते स्वतःच म्हणाले, "आजोबांची पण पिशवी तपासत असतील." आणि हसले. मी नव्हतं सांगितलं हे, म्हणूनच ते टिकलं.

त्यानंतरचं काम सोपं नसलं तरी साधं होतं. नोकरीत माणसाला सगळ्यात जास्त टोचतं ते ठरवायला काहीच नसणं. वाडीत पाणी कधी सोडायचं इथपासून सगळं स्वतः ठरवलेलं असतं. म्हणून ठरवण्याची एक जागा हातात राहू द्यावी. यांनी पगारातली ठरावीक रक्कम बाजूला काढून पडलेल्या जागी श्रीवर्धनी सुपारीची आणि बाणवली माडाची रोपं लावायला घेतली, कुठे काय ते स्वतः ठरवून. फोन दिवसातून एकदाच, संध्याकाळी, आणि त्यात आधी पोरांची चौकशी, मग पाटाची.

ज्यांचं भात आहे त्यांनी लावणीची रजा मे महिन्यातच बोलून ठेवावी. त्या सकाळी फोन करून "आज येत नाही" म्हटलं की सुपरवायझर चिडतो आणि आपण म्हणतो शेतकऱ्याची कदर नाही. शेतीचा पैसा एकरकमी येतो, पगार महिन्याने, त्या हिशोबाची सवय व्हायलाही वेळ लागतो, तोवर उधारी वाढवू नये. नाईट शिफ्टमध्ये पहिले काही महिने चिडचिड होतेच, त्यावरून नोकरी सोडायचं ठरवू नका. मात्र सगळ्यांनी टिकूनच राहावं असंही मी म्हणत नाही, एकाला मीच म्हटलं होतं की तुमचा हिशोब खरंच बसतोय, जा परत काजूकडे, आणि तो गेला.

आणि दोन आठवडे झोप-भूक उडालेली असेल, दारू वाढली असेल किंवा जगून काय करायचं असे विचार येत असतील तर माझ्यासारखीकडे नव्हे, आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं की लोक दचकतात, पण तिथे ओपीडी असते, दाखवलं म्हणून कोणी ठेवून घेत नाही. एवढ्या लांब जाणं जमत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं आणि रात्रपाळीतून सुटल्यावरही लागतो.