थकलेले भाडे आणि मागणीची नोटीस

प्रश्न : इंदूरच्या रामबागेत आमचे दुमजली घर आहे. खालचा मजला दरमहा ९,००० रुपये भाड्याने दिला आहे. सात महिन्यांचे भाडे थकले असून मध्ये एकदा भाडेकरूने १०,००० रुपये रोख दिले, तेवढेच. यजमान हयात नाहीत. विधवांसाठी वेगळे प्राधिकरण असते, तिथे लवकर निकाल लागतो, असे शेजारी सांगतात. तयारी कशी करावी? – एक वाचक

उत्तर : शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ नुसार विधवा घरमालकिणीला भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जाता येते, परंतु ते जागेची स्वतःला खरी गरज असेल तेव्हा. थकबाकीसाठी दिवाणी न्यायालयातच दावा लावावा लागतो.

या दाव्याचा सारा भार मागणीच्या नोटिसीवर असतो. नोटीस हाती पडल्यापासून दोन महिन्यांत भाडेकरूने संपूर्ण थकबाकी दिली नाही, तरच याच अधिनियमाच्या कलम १२ खाली निष्कासनाचे, म्हणजे भाडेकरूला घराबाहेर काढण्याचे, कारण उभे राहते. मुदत नोटीस पाठवल्याच्या नव्हे, तर ती पोहोचल्याच्या तारखेपासून मोजतात, म्हणून पोचपावती जपून ठेवावी आणि दोन महिने पुरते उलटण्याआधी दाव्याची घाई करू नये. रकमेबाबतही काटेकोर असावे. सात महिन्यांचे ६३,००० होतात. त्यातून मिळालेले १०,००० वजा करून ५३,००० रुपयेच मागावेत. रोख रकमेची पावती दिली नव्हती म्हणून ती दडवण्याचा मोह अनेकांना होतो, आणि उलटतपासणीत तोच अंगाशी येतो. वीजबिल किंवा रंगकामाचा खर्च भाड्याच्या आकड्यात मिसळू नये.

किरायानामा, बँकेचे पासबुक, मालमत्ता कराच्या पावत्या आणि, घर यजमानांच्या नावे असल्यास, मृत्यूचा दाखला एकत्र ठेवावा. भाड्याविषयीचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश दाखल करायचे असतील तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी, कारण ती ऐनवेळी कळली की घरमालक हताश होतात. समन्स मिळाल्यापासून एका महिन्यात, किंवा न्यायालयाने वाढवून दिलेल्या मुदतीत, भाडेकरूने थकबाकी भरली आणि पुढचे भाडे दर पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत नियमित भरले, तर या कारणावरून त्याला घराबाहेर काढता येत नाही. मात्र ही सवलत एकदा घेतल्यावर त्याने पुन्हा सलग तीन महिने भाडे चुकवले, तर ती दुसऱ्यांदा मिळत नाही. दावा चालू असताना त्याने भाडे भरण्यात कसूर केल्यास कलम १३ खाली त्याचा बचाव रद्द करण्याचा अर्ज देता येतो. तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरात दर १५ तारखेला खूण करून ठेवावी. या काळात नळ किंवा वीज तोडण्याचा विचार मात्र चुकूनही करू नये, कायद्याने त्यास मनाई आहे.

खालचा मजला मुलासाठी अथवा स्वतःसाठी खरोखरच हवा असेल, तर ते कारण वकिलांना पहिल्याच भेटीत सांगावे, म्हणजे प्राधिकाऱ्याकडे त्यासाठी वेगळा अर्ज करता येईल.