ऑपेराचं नेपथ्य करायला जर्मनीत येतोयस?

पुण्यात नेपथ्य करतोस, मुलगी दुसरीत आहे आणि ऑपेरा-बॅलेच्या कामासाठी जर्मनीत यावं का, असं विचारलंयस. धाकटा दिसतोस, म्हणून अरे-तुरे करते. व्हिसाची यादी दूतावासाच्या साइटवर आहे, ती बघ.

आधी कामाचं. तू स्वतःला समजतोस तितका कच्चा नाहीस. इथं अनुदानावर चालणाऱ्या नाट्यगृहांत एकाच रंगमंचावर सकाळी एकाची तालीम आणि रात्री दुसऱ्याच गोष्टीचा प्रयोग असतो. सेट रोज लागतो, रोज निघतो. दुपारी शिवाजी मंदिर, रात्री गडकरी रंगायतन आणि मधे सगळं टेम्पोत कोंबायचं, हे ज्यानं केलंय त्याला ते नवीन नाही. पोर्टफोलिओत सुटे करून बांधलेल्या सेटचेही फोटो टाक.

घाम फुटतो तो बाउप्रोबेला, म्हणजे सेटच्या चाचणी उभारणीला. प्रीमियरच्या कितीतरी महिने आधी तुझ्या १:२५च्या मॉडेलवरून लाकडी पट्ट्या, जुने पडदे आणि पुठ्ठे लावून तो सेट खऱ्या मापात रंगमंचावर उभा करतात. खाली दिग्दर्शक, तांत्रिक प्रमुख, वर्कशॉपची माणसं. छान-वाईट कुणी बोलत नाही. वजन किती? अख्खा कोरस या दारातून कसा निघणार? मागच्या रांगेला कंडक्टरचा हात दिसतो का? कापड पेट घेणारं आहे का? मागची भिंत कापडाची ठेवलीस तर गायक कुरकुरतात, कारण कापड आवाज पितं, लाकूड तो पुढं फेकतं. बॅलेत जमीन मोकळी सोडायची, विंगाही. तुझ्या वाट्याला कडा आणि वरची हवा. आणि ही सगळी हुज्जत जर्मनमधून. दुकानात चालणारी जर्मन तिथं पुरत नाही.

असिस्टंटची नोकरी मिळाली तरी करार सीझनपुरता. पुढच्या सीझनला नको असलास तर साधारण ३१ ऑक्टोबरपर्यंत तसं कळवतात. फ्रीलान्स केलंस तर मानधन हप्त्यांनी येतं: सहीला थोडं, आराखडे दिल्यावर थोडं, उरलेलं प्रीमियरला. राहण्याच्या परवान्याच्या कचेरीतल्या बाईंना मात्र दरमहाचा आकडा हवा होता. ‘मार्चमध्ये शून्य का?’ मार्चमध्ये मी रात्रंदिवस मॉडेल कापत होते, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? क्युन्स्टलरसोझियालकासेत, म्हणजे कलाकारांच्या सामाजिक विमा संस्थेत, नाव लागलं की आरोग्य विमा आणि पेन्शनचा साधारण निम्माच हप्ता आपल्याला भरावा लागतो, म्हणून तो अर्ज लवकर कर. बरंचसं टपालानं येतं-जातं, धीर ठेव.

एकटेपणाचं विचारलंयस. असतो. दिवाळी बहुधा तांत्रिक तालमीत जाते. पुढे.

आता शाळा. आम्ही बायर्नमध्ये (बव्हेरिया राज्यात) आलो तेव्हा मुलगा तिसरीत होता. तिथं चौथीच्या मे महिन्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यासासारखा एक विषय, यांच्या सरासरीवर पुढची शाळा ठरते. १ म्हणजे उत्तम. जिम्नाझियमसाठी, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेसाठी, सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली हवी. मुलाला गणितात १, जर्मनमध्ये ४, परिसरात ३. परिसराचा पेपरही जर्मनमध्येच की! मुलगा रेआलशुलेत, म्हणजे त्याखालच्या मधल्या पातळीच्या शाळेत गेला. बाहेरून उशिरा आलेल्या मुलांना जर्मनच्या बाबतीत सवलत देता येते, हे वर्गशिक्षिकेनं सांगितलंच नाही. पुढच्या वर्षी एका तुर्की आईकडून बसमध्ये कळलं.

मुलगा आता मजेत आहे आणि हा विषय काढला की वैतागतो. माझा राग काही जात नाही. रागाखालचंही लिहून टाकते: त्या मेमध्ये मी दुसऱ्या शहरात प्रीमियरच्या तोंडावर होते. कुणी ‘घरी ये’ म्हटलं असतं तर आले असते का, अजून सांगता येत नाही.

म्हणून यायचंच असेल तर बर्लिन बघ. तिथं प्राथमिक शाळा सहावीपर्यंत चालते, पोरीला भाषेसाठी दोन वर्षं जास्त मिळतील. ऑपेरागृहंही तीन आहेत, त्यामुळे शाळेपायी कामाचं नुकसान झालं असं व्हायचं नाही. आणि हे उत्तर बायकोलाही वाचायला दे.