बॉक्समधली हवा आणि परत येणारी पार्सलं

या वेळी प्रश्नांचा सगळा गठ्ठा कुरिअरचाच निघाला, सीझन जवळ आला की असंच होतं. तीन निवडलेत.

प्रश्न : ताई नमस्कार. मी आणि माझी जाऊ मिरजेतून कुरडया, पोह्याचे पापड, चिवडा, मेतकूट असं घरगुती पाठवतो, ऑर्डरी व्हॉट्सॲपवरच येतात. पार्सल घरच्या काट्यावर १ किलो ४०० ग्रॅम भरतं आणि बिल येतं ३ किलोचं. कुरिअरवाल्याला विचारलं तर म्हणतो सिस्टीममध्ये तसंच आलंय. बॉक्स ३० बाय २५ बाय २० सेंटीमीटरचा आहे. हा आम्हाला गंडवतोय का? दुसरं कुरिअर बघू का?

उत्तर : गंडवत नाहीये हो, तुम्ही बॉक्सचं माप दिलंत म्हणून लगेच सांगता येतंय. कुरिअरवाले दोन वजनं काढतात, एक काट्यावरचं आणि एक मापावरचं, आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात, कारण गाडीत तुमच्या पार्सलने जागा अडवलेली असते, मग आत लोखंड असो नाहीतर चिवडा. मापावरचं म्हणजे ते व्हॉल्युमेट्रिक, त्यात लांबी रुंदी उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. बरेच जण ५००० च धरतात, काहींचा आकडा वेगळा असतो, तो रेट कार्डावर खाली बारीक अक्षरात असतो, विचारून घ्या. तुमचं ३० गुणिले २५ गुणिले २० म्हणजे १५०००, भागिले ५०००, आले बरोब्बर ३ किलो. आता हाच माल ३० बाय २० बाय १२ च्या बॉक्समध्ये बसवला तर ७२०० भागिले ५०००, म्हणजे १.४४. अर्ध्या किलोच्या स्लॅबने, म्हणजे वजन पुढच्या अर्ध्या किलोवर नेऊन, दीड किलोचे पैसे. माल तोच, कुरिअर तेच, बिल निम्म्या वजनाचं. म्हणून कुरिअर बदलायच्या आधी बॉक्स बदला, नाहीतर दुसऱ्याकडेही हीच रड.

पण बसवायचा कसा, कुरडईचा चुरा झाला तर कस्टमर फोटो पाठवून जीव घेतं. त्यासाठी सगळं एकाच बॉक्समध्ये कोंबायचा हट्ट सोडायचा. कुरडया वेगळ्या, उथळ बॉक्समध्ये, शक्यतो एकच थर. चिवड्याच्या पिशव्या सील करताना हाताने हलकं दाबून हवा काढायची, फुगवून सील केल्या की त्यांचीच उशी होते आणि त्या हवेचं भाडं तुम्ही भरता. नुसतं मेतकूट किंवा मसाला असेल तर बॉक्स हवाच कशाला, जाड पाऊच करून कुरिअर बॅगेत घाला. अजून एक, बॉक्स ठासून भरला की त्याचं पोट फुगतं आणि माप घेणारं मशीन त्या फुगलेल्या पोटाचं माप घेतं. एकदोन सेंटीमीटरने स्लॅब बदलतो, सगळा जीव त्यातच आहे. पुठ्ठ्याचे बॉक्स तीन मापांचे ठरवून एकदम घ्या, कारखानदार कमीत कमी नगांची अट घालेल, तिथे दोघीतिघी उद्योग करणाऱ्या मिळून ऑर्डर द्या.

आणि पार्सल काट्यावर ठेवून आकडा दिसेल असा एक फोटो, मग तिन्ही बाजूंना मापाची टेप लावून फोटो, लेबल दिसलं पाहिजे. जास्त वजन लावलं तर हेच पुरावे, पण तक्रार करायला थोडेच दिवस मिळतात, बिल महिनाअखेरीला बघायची सवय असेल तर मोडा.

प्रश्न : सावंतवाडीच्या चितारआळीतून लाकडी खेळणी आणि लाकडी फळं घेऊन ऑनलाइन विकतो. कॅश ऑन डिलिव्हरी (सीओडी) ठेवली तर ऑर्डरी येतात पण पार्सलं परत येतात, बंद केली तर ऑर्डरीच येत नाहीत. काय करू?

उत्तर : दादा, आधी एक हिशोब मांडा. समजा ६०० रुपयांचा सेट आहे, सुटतात १५०. जायचे ८०, परत यायचे ८०, पॅकिंगचे २०, म्हणजे एक पार्सल परत आलं की १८० गेले, आणि आधी विकलेल्या एका सेटचा नफा त्यात बुडाला. शिवाय सीओडीचे पैसे डिलिव्हरी झाली तरी लगेच हातात येत नाहीत, तोपर्यंत कारागिराला मात्र रोख द्यायचे.

सीओडी पूर्ण बंद नका करू, अर्धी करा. शिपिंगचे ८० रुपये आधी यूपीआयने घ्या, बाकीचे दारात. ज्याला खरंच घ्यायचंय तो ८० ला अडत नाही, आणि जो अडतो तो पार्सल आल्यावर पण फोन उचलणार नव्हताच. (रात्री एक वाजता रील बघत ऑर्डर करणारी मंडळी यातच गळतात.) पॅक करायच्या आधी व्हॉट्सॲपवर पत्ता परत लिहून घ्या. "मारुती मंदिराजवळ" हा पत्ता नाही, मारुती मंदिर नाही असं गाव दाखवा मला. पिन कोड नीट तपासा, पार्सलची रवानगी पिनवर होते, १९७२ पासून देशभर सहाच आकडे आहेत तरी लोक पाच पाठवतात. महाराष्ट्र-गोव्याचा पिन ४ ने सुरू होतो, पुण्याचा पत्ता आणि पिन ५ ने सुरू, असं दिसलं की तिथेच थांबून फोन लावा.

रोज सकाळी ट्रॅकिंगमध्ये "कस्टमर नॉट अव्हेलेबल" पडलेली पार्सलं बघा आणि त्याच दिवशी स्वतः कस्टमरला फोन करा, पुढच्या फेरीत निघतं बरंच. ज्या गावात खाजगी कुरिअर जातच नाही तिथे स्पीड पोस्ट करा, काउंटरला थोडा वेळ जातो पण माल पोचतो.

प्रश्न : रत्नागिरीहून लोणचं पाठवते. प्रत्येक वेळी तेल गळतं आणि सगळी लेबलं तेलकट होतात.

उत्तर : बरणी गळ्यापर्यंत भरू नका, उन्हात गाडी तापली की तेल वर चढतं, बोटभर जागा सोडा. झाकणाखाली इंडक्शन सील, म्हणजे बरणीच्या तोंडाला उष्णतेने चिकटणारी फॉइल, हवंच, हातात धरायचं छोटं मशीन मिळतं, नुसतं झाकण घट्ट करून काही होत नाही. सीलच्या जागी तेलाचा थेंब राहिला तर सील धरतच नाही, म्हणून काठ कोरड्या फडक्याने पुसून मगच लावा. वरून टेप, आणि प्रत्येक बरणी वेगळ्या झिप बॅगेत, म्हणजे एक फुटली तरी बाकीच्या वाचतात. बॉक्सवर "ही बाजू वर" लिहा हवं तर, पण पार्सल आडवंतिडवं पडणारच असं धरूनच पॅक करा. विमानाने पाठवताना तेलकट, पातळ माल अडवतात, सरफेसने, म्हणजे रस्त्याने किंवा रेल्वेने, बुक करा. लेबलवर एफएसएसएआयचा (सरकारी अन्न परवान्याचा) १४ आकडी नंबर असतोच ना? नसेल तर आधी ते काम.

नवीन बरण्या आणल्या की चारपाच तेल भरून, सील लावून, रात्रभर पेपरवर उलट्या ठेवा. सकाळी डाग दिसला तर सगळा लॉट दुकानदाराला परत.