पद्मिनीच्या दुरुस्तीसाठी मुदत ठेव मोडावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९९६ची प्रीमियर पद्मिनी, दुरुस्तीचा अंदाज १,८०,००० रुपये. त्यातले ५५,००० ‘पार्ट काढायला’ दुसरी बंद पद्मिनी घेण्याचे. पैसे ४ लाखांच्या मुदत ठेवीतून काढायचे, आणि घरखर्च महिन्याला ४५,०००.

सहा महिन्यांच्या खर्चाचे २,७०,००० हलवू नका. म्हणजे गाडीसाठी हातात १,३०,०००, आणि त्यातूनच नोंदणी नूतनीकरणही करायचंय. वीस वर्षांवरच्या कारला त्याची फी आता १०,००० आहे, पर्यावरण कर वेगळा.

दुसरी गाडी घेऊ नका. तुमच्या गाडीत जे झिजलंय तेच तिच्यातही झिजलेलं असणार. काचा, दरवाजे, क्रोमच्या पट्ट्या अशा वस्तूंसाठी ती उपयोगी, पण तुमच्या यादीत त्या नाहीतच. शिवाय तिची आरसी (नोंदणी) रद्द करायची कटकट आणि उभी करायला जागा, दोन्ही तुमच्याच गळ्यात.

इंजिन उघडण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या. एखाद्या सिलिंडरचं कमी आलं तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेली; तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्ह, मग हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) कामावर भागतं आणि बिल बरंच खाली येतं. बोअरिंग (सिलिंडर आतून कापून मोठा करणं) करावंच लागलं, तर आधी ओव्हरसाइझ, म्हणजे मोठ्या मापाच्या, पिस्टनचा सेट हातात घ्या, मगच ब्लॉक लेथवाल्याकडे द्या. उलट केलं की त्या मापाचे पिस्टन मिळत नाहीत आणि ब्लॉक पडून राहतो. ब्लॉक आधीच शेवटच्या मापापर्यंत गेला असेल तर आत स्लीव्ह (धातूची नळी) टाकून मूळ ६८ मिमी व्यासावर आणता येतो.

पहिला खर्च मात्र ब्रेकवर. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ब्रेकच्या शूला नवं लायनिंग (घासणारा थर) लावून मिळतं, खड्डे पडलेल्या व्हील सिलिंडरला स्लीव्ह बसते. मुंबईत ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत जुना, न वापरलेला माल मिळाला तर धातूचे भाग खुशाल घ्या, पण रबरी सील नकोत. पाकिटातच ते कडक झालेले असतात. पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्या, जुन्या रबराला ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मानवत नाही.

दुसरं इंजिन बसवायचा विचार असेल तर आरटीओची पूर्वपरवानगी आणि विमा कंपनीला कळवणं, दोन्ही लागतं. तसंही पाच वर्षांवरच्या गाडीची विमा रक्कम तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. दुरुस्तीची बिलं दाखवून ती वाढवून मागा. नाहीतर लाखभर घालूनही भरपाई जुन्याच आकड्यावर मिळेल.

ठेव एकाच पावतीची असेल तर मोडण्याआधी तिच्यावरच्या ओव्हरड्राफ्टचा (ठेव तारण ठेवून लागेल तसं उचलायच्या कर्जाचा) दर विचारा. साधारण ठेवीच्या दरापेक्षा एखादा टक्का जास्त पडतो, आणि कामं टप्प्याने केलीत तर व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं.